मशीन कुठवर पोचलं ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑफिसात ईएसएक्सआय ६.७ चा (एका सर्व्हरवर अनेक मशीन चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) एक जुना सर्व्हर आहे आणि त्यावर तीन व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, आहेत. नव्या सर्व्हरवर त्याच कामाचं प्रॉक्समॉक्स ८ टाकलं, व्हीएमडीके फाइल (व्हीएमवेअरच्या आभासी डिस्क) कॉपी करून क्यूकाऊ२ या डिस्क-फाइलच्या दुसऱ्या प्रकारात कन्व्हर्ट केल्या आणि जोडल्या. विंडोज सर्व्हर २०१६ निळ्या स्क्रीनवर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत थांबतो. सेंटओएस ७ ड्रॅकटच्या (लिनक्सची बूटची सुरुवातीची फाइल बनवणारं साधन) प्रॉम्प्टवर येऊन बसतं. उबंटू २०.०४ सुरू होतं, पण नेटवर्क नाही. तुम्ही तीन वेळा नव्याने कन्व्हर्ट केलं, एकदा रॉ (कच्ची, जशीच्या तशी डिस्क) करूनही पाहिलं. आता विचारताय की डिस्क कन्व्हर्ट होताना खराब होते आहे का.

नाही होत. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय हे. निळी स्क्रीन विंडोजचीच असते. ती दिसली याचा अर्थ फर्मवेअरला डिस्क सापडली, बूटलोडर वाचला गेला आणि कर्नल मेमरीत चढलासुद्धा. डिस्कवरचा डेटा फाटलेला असता तर गाडी बहुधा इथवर आलीच नसती. सेंटओएसचंही तेच: ग्रब (बूटचा मेन्यू) आलं, कर्नल आला, इनिट्रॅमएफएस (बूटच्या वेळी लागणाऱ्या ड्रायव्हरांची छोटी फाइल) उघडलं, आणि मग रूट डिस्क शोधताना तो थकला. उबंटू तर लॉगिनपर्यंत गेलं. मशीन किती अंतर चाललं ते पाहिलं की बिघाडाची जागा आपोआप आखडते. व्हीएम हलवताना काही अडलं तर मी आधी एवढंच विचारतो: कुठवर पोचलं?

तरी मनात शंका राहू नये म्हणून ती एकदाच फेडून टाका. क्यूएमयू-आयएमजी या डिस्क-फाइल हाताळणाऱ्या साधनात ‘कम्पेअर’ नावाची उपकमांड आहे. तिला मूळ व्हीएमडीके आणि नवी फाइल दोन्ही द्या, आतला मजकूर सारखा आहे की नाही ते ती सांगते. सारखा निघाला की कन्व्हर्जनचा विषय मिटला. आणि तुमचं स्टोरेज एलव्हीएम-थिन (फाइलऐवजी थेट डिस्कचे तुकडे देणारं) असेल तर क्यूकाऊ२ की रॉ हा प्रश्नच उरत नाही, तिथे फाइल नसतेच. प्रॉक्समॉक्सची इम्पोर्ट कमांड व्हीएमडीके थेट घेते आणि रॉ व्हॉल्यूममध्ये ओतते. मधला क्यूकाऊ२ चा टप्पा म्हणजे वेळ आणि जागा दोन्ही वाया.

आता विंडोज. ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’चा कोड, शेवटी ७बी येणारा, व्हीएम हलवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतो. कारण सरळ आहे. ईएसएक्सआयवर विंडोज सर्व्हरला बहुधा ‘एलएसआय लॉजिक सॅस’ हा कंट्रोलर, म्हणजे डिस्क मशीनला जोडणारं आभासी कार्ड, दिलेला असतो. विंडोजने बूटच्या वेळी लागणारा ड्रायव्हर म्हणून तोच लक्षात ठेवलेला असतो. तुम्ही प्रॉक्समॉक्सवर डिस्क ‘व्हर्टआयओ स्कझी’ या आभासी मशीनसाठीच बनवलेल्या कंट्रोलरला जोडली. त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच नसतो. कर्नल सुरू होतो, सी ड्राइव्ह मागतो, आणि ज्या दारातून तो ड्राइव्ह यायचा त्या दाराची किल्लीच कुणाकडे नसते.

इथे एक फसवी गोष्ट आहे. प्रॉक्समॉक्सच्या कंट्रोलरच्या यादीत ‘एलएसआय ५३सी८९५ए’ असं एक नाव दिसतं. नाव ओळखीचं वाटतं म्हणून लोक तो निवडतात आणि तरीही ७बी येतो. तो एलएसआयचा वेगळा, फार जुना कंट्रोलर आहे. व्हीएमवेअरच्या सॅस कंट्रोलरशी त्याचा आडनावापुरता संबंध. कमांड लाइनवरून व्हीएम बनवताना कंट्रोलर सांगितला नाही, तर प्रॉक्समॉक्स हाच गृहीत धरतं. त्यामुळे आधी तुमच्या व्हीएमच्या हार्डवेअर पानावर कंट्रोलर नक्की कोणता लागलाय ते वाचा.

उपाय असा करा. व्हीएम बंद. बूट डिस्क ‘डिटॅच’ करा. ती ‘अनयूज्ड’ म्हणून खाली दिसेल, तिच्यावर दोनदा क्लिक करून बस (जोडणीचा प्रकार) म्हणून साटा निवडा. लगेच ऑप्शन्समध्ये जाऊन बूट ऑर्डर तपासा. बस बदलली की जुनी नोंद गळते, आणि मग ‘बूट करण्यासारखं डिव्हाइस नाही’ असा निरोप येतो. बरेच जण इथे घाबरून सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. बूट ऑर्डरमध्ये साटा डिस्कवर टिक करून ती वर ओढली की झालं.

मग एक १ जीबीची रिकामी डिस्क नव्याने जोडा, ती मात्र स्कझी बसवर, आणि कंट्रोलर ‘व्हर्टआयओ स्कझी सिंगल’. सीडी ड्राइव्हमध्ये व्हर्टआयओ-विनची (विंडोजसाठीचे व्हर्टआयओ ड्रायव्हर) आयएसओ, म्हणजे सीडीची फाइल, लावा. व्हीएम सुरू करा. विंडोज साटावरून उठेल, कारण त्याचा ड्रायव्हर त्याच्याकडे घरचाच आहे. आत गेल्यावर आयएसओमधलं गेस्ट टूल्सचं इन्स्टॉलर चालवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रेड हॅट व्हर्टआयओ स्कझी’ असा कंट्रोलर पिवळ्या खुणेशिवाय दिसला पाहिजे आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती १ जीबीची डिस्क दिसली पाहिजे. दोन्ही दिसलं की बंद करा, रिकामी डिस्क काढून टाका, बूट डिस्क साटावरून काढून स्कझी ० वर लावा, बूट ऑर्डर पुन्हा बघा, आणि सुरू करा.

ती रिकामी डिस्क कशाला, असं हमखास विचारलं जातं. ड्रायव्हरचं पॅकेज आधीच, ईएसएक्सआयवर असतानाच टाकलं तर नाही का चालणार? टाकलेलं वाया जात नाही, पण तेवढ्याने भागेलच असं नाही. पॅकेज विंडोजच्या ड्रायव्हर-गोदामात जाऊन पडतं. ते उपकरण प्रत्यक्ष समोर आल्याशिवाय विंडोज त्याला बूटच्या रांगेत बसवत नाही. १ जीबीची डिस्क ही ओळख-परेड आहे. त्या कंट्रोलरवर काहीतरी लटकलेलं विंडोजने एकदा पाहिलं की पुढच्या बूटला तो ड्रायव्हर हजर असतो.

आणखी एक खड्डा: आयएसओमध्ये दोन डिस्क-ड्रायव्हर असतात, ‘व्हायोस्कझी’ आणि ‘व्हायोस्टोर’. पहिला व्हर्टआयओ स्कझीसाठी, दुसरा व्हर्टआयओ ब्लॉकसाठी. हाताने एकच टाकायचा असेल तर तुमच्या बसशी जुळणारा टाका. मी स्वतः एकदा अर्धी रात्र व्हायोस्टोर टाकून स्कझीवर बूट करायचा प्रयत्न करत बसलो होतो. सर्व्हर २००८ आर२ असेल तर ताज्या आयएसओचे ड्रायव्हर चालत नाहीत, ०.१.१७३ ही जुनी आवृत्ती शोधावी लागते.

साटावरही ७बीच आला तर? येऊ शकतो. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून विंडोज जरा जास्तच शहाणं झालंय: जे डिस्क-ड्रायव्हर या मशीनवर लागत नाहीत ते बूटच्या रांगेतून तात्पुरते बाजूला ठेवतं. साटाचा ड्रायव्हर घरात आहे, पण झोपलेला आहे. त्याला उठवायचा सोपा मार्ग म्हणजे सेफ मोड. इन्स्टॉलेशनच्या आयएसओवरून बूट करा, ‘रिपेअर’मधून कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘बीसीडीएडिट’ने (बूटच्या नोंदी बदलणारी कमांड) डीफॉल्ट नोंदीला ‘सेफबूट मिनिमल’ लावा. सेफ मोडमध्ये विंडोज ही काटकसर बाजूला ठेवून सगळे बूट-ड्रायव्हर चालवतं, समोर काय आहे ते बघतं आणि त्याप्रमाणे नोंद दुरुस्त करतं. आत पोचलात की सेफबूटची नोंद काढायला विसरू नका, नाहीतर दर वेळी सेफ मोडच येईल आणि तुम्ही नवं दुखणं शोधत बसाल.

सेंटओएस ७ चं दुखणं त्याच जातीचं, फक्त औषध वेगळं. रेड हॅट घराण्यात इनिट्रॅमएफएस बनवताना ड्रॅकट ‘होस्ट-ओन्ली’ पद्धतीने बनवतं, म्हणजे या मशीनला लागणारेच मॉड्यूल (लिनक्सचे ड्रायव्हर) त्यात भरतं. तुमचं मशीन व्हीएमवेअरवर जन्मलं, म्हणून डिस्कसाठी व्हीएमवेअरचं मॉड्यूल आत आहे आणि व्हर्टआयओचं नाही. डेबियन-उबंटूमध्ये सर्वसाधारणपणे बहुतेक सगळे मॉड्यूल भरलेले असतात, म्हणून तुमचं उबंटू मुकाट्याने उठलं.

सुटका सोपी आहे. ग्रबच्या यादीत सगळ्यात खाली ‘रेस्क्यू’ अशी एक नोंद असते. तिचं इनिट्रॅमएफएस सर्वसाधारण असतं, सगळे मॉड्यूल घेऊन. तिच्यावरून बूट करा, रूट म्हणून लॉगिन करा आणि ड्रॅकट चालवा. इथंच घोडं पेंड खातं: नुसतं ‘ड्रॅकट डॅश एफ’ चालवलं तर ते सध्या चालू असलेल्या कर्नलचं इनिट्रॅमएफएस बनवतं. रेस्क्यूचा कर्नल म्हणजे बहुधा मशीन इन्स्टॉल झालं त्या दिवसाचा. मधल्या वर्षांत अपडेट होऊन आलेला, रोज बूट होणारा कर्नल वेगळाच असतो, आणि त्याचं इनिट्रॅमएफएस जसंच्या तसं राहतं. तुम्ही रीबूट करता, पुन्हा ड्रॅकटचा प्रॉम्प्ट, आणि वाटतं की उपायच चुकला. म्हणून ‘रीजनरेट-ऑल’ हा पर्याय द्या आणि सोबत ‘नो-होस्टओन्ली’सुद्धा. सगळ्या कर्नलांची इनिट्रॅमएफएस नव्याने बनतील. बूट पार्टिशनवर जागा आहे ना, ते आधी बघा. सर्वसाधारण फाइल बरीच मोठी होते, आणि जुन्या सेंटओएसचं बूट पार्टिशन पाहावं तेव्हा भरलेलंच असतं.

रेस्क्यूची नोंद कुणी साफसफाईत उडवली असेल तर आणखी एक युक्ती आहे, आणि ती मला फार आवडते. प्रॉक्समॉक्सच्या कंट्रोलरच्या यादीत ‘व्हीएमवेअर पीव्हीस्कझी’ हाही आहे. मूळ व्हीएम पीव्हीस्कझीवर असेल तर तोच निवडा. मशीनला वाटतं आपण अजून जुन्याच घरी आहोत, आणि ते निमूट सुरू होतं. आत जाऊन ड्रॅकट चालवायचं, बंद करायचं, मग कंट्रोलर व्हर्टआयओ करायचा. मूळ विंडोज पीव्हीस्कझीवर असेल तर हीच युक्ती तिथेही लागू पडते. नेटवर्क कार्डातही ‘व्हीएमएक्सनेट३’ मिळतं. मात्र मुक्काम तिथे ठोकू नका. ही उतरण्यापुरती शिडी आहे. क्यूएमयूमधले (प्रॉक्समॉक्सचं आतलं इंजिन) खरे कसलेले रस्ते व्हर्टआयओचेच.

सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला, हे जाता जाता. ते मशीन बदलायचं ओझं डोक्यावर आहेच. पण ते आणि हे स्थलांतर एकाच शनिवारी करू नका.

उबंटूचं नेटवर्क ही सगळ्यात किरकोळ गोष्ट. कार्डाचं नाव ते पीसीआयच्या कोणत्या जागी बसलंय त्यावरून ठरतं. व्हीएमवेअरवर ते बहुधा ईएनएस१६० किंवा ईएनएस१९२ असतं, प्रॉक्समॉक्सवर ईएनएस१८ होतं. नेटप्लॅनच्या (उबंटूची नेटवर्कची मांडणी) फाइलमध्ये जुनं नाव लिहिलेलं आहे, त्या नावाचं कार्डच आता नाही. कन्सोलवरून ‘आयपी लिंक’ करून नवं नाव बघा, फाइलमध्ये बदला, ‘नेटप्लॅन ट्राय’ करा. फाइलच्या नावात क्लाउड-इनिट (सुरू होताना मशीनची मांडणी आपोआप करणारं साधन) असेल तर आधी क्लाउड-इनिटला नेटवर्कमध्ये हात घालायला मनाई करा, नाहीतर ते तुमचा बदल पुसून टाकू शकतं. पुढे कधी हलवायचं झालं तर नावाऐवजी मॅक अ‍ॅड्रेसवर जुळवणी लिहिणं बरं, आणि मॅक अ‍ॅड्रेस जुनाच ठेवायचा.

मॅक अ‍ॅड्रेसवरून आठवलं. तुमच्या विंडोजलाही तुम्ही नवं कार्ड देणार, आणि स्थिर आयपी टाकायला गेलात की ते म्हणेल, हा आयपी दुसऱ्या अ‍ॅडॅप्टरला दिलेला आहे. जुनं व्हीएमएक्सनेट३ कार्ड गेलंय, पण त्याचं भूत रजिस्ट्रीत बसलंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ करा, फिकट दिसणारी जुनी कार्डं अनइन्स्टॉल करा. आणि व्हीएमवेअर टूल्स जुन्या घरी असतानाच काढा. नंतर काढायला गेलात तर अनइन्स्टॉलर अडून बसतो, कारण समोर व्हीएमवेअर नाही म्हणून तो पुढे सरकतच नाही. त्यानंतर रजिस्ट्री हाताने खरवडण्याची वेळ येते.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, आणि ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, ते.

तुम्ही लिहिलंय की डेटास्टोअरवर (ईएसएक्सआयची फाइल ठेवायची जागा) फोल्डरमध्ये ‘मुख्य’ व्हीएमडीके होती ती कॉपी केली. त्या फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी ०००००१ किंवा तसे आकडे असलेल्या फाइल होत्या का? असतील, तर त्या व्हीएमवर स्नॅपशॉट आहे. स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी मूळ डिस्क गोठते आणि पुढचं सगळं लिखाण त्या आकड्यांच्या फाइलमध्ये जातं. तुम्ही फक्त मूळ डिस्क उचलली तर स्नॅपशॉटच्या दिवसापर्यंतचंच मशीन हाती येतं. ते व्यवस्थित बूट होतं, कुठेही लाल अक्षर दिसत नाही. फक्त मधला काळ गायब असतो.

चाकणजवळच्या एका कारखान्यात हे मी केलंय. शनिवारी रात्री हलवलं, रविवारी सगळं तपासलं: लॉगिन होतंय, प्रिंटर चालतोय, अकाउंटिंग उघडतंय. सोमवारी लोकांनी कामाला सुरुवात केली. साडेअकराला अकाउंट्समधल्या बाईंनी फोन केला, “साहेब, मागच्या चार महिन्यांची बिलंच दिसत नाहीत.” बॅकअप सॉफ्टवेअरने कधीतरी स्नॅपशॉट घेतला होता आणि तो पुसायचा राहून गेला होता. स्नॅपशॉट मॅनेजरमध्ये तो दिसतही नव्हता, म्हणून मी निर्धास्त होतो. नशीब की जुना सर्व्हर नुसता बंद होता, पुसलेला नव्हता. दुपारी पुन्हा नीट हलवलं, आणि सोमवारी सकाळी टाकलेली बिलं बाईंनी संध्याकाळी बसून पुन्हा टाकली. मी शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होतो, तेवढंच माझ्या हातात होतं.

तेव्हापासून मी स्नॅपशॉट मॅनेजरच्या शब्दावर विसंबत नाही. व्हीएमच्या फोल्डरमधली व्हीएमएक्स फाइल उघडतो. ती साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात स्कझी ०:० च्या पुढे जे फाइलनाव आहे ते सध्या खरोखर वापरात असलेलं. त्यात आकडे दिसले की आधी एकत्रीकरण, म्हणजे आकडेवाल्या फाइल मूळ डिस्कमध्ये मिसळणं, मग कॉपी. स्नॅपशॉट यादीत दिसत नसेल तरी एक नवा घेऊन मग ‘डिलीट ऑल’ केलं की बहुधा सगळे मागचेही गुंडाळले जातात. डेटास्टोअरवर जागा पुरेशी आहे ना, ते आधी बघायचं. एकत्रीकरणानंतर व्हीएमएक्स पुन्हा वाचायची.

कॉपीच्या बाबतीत दुसरी गोष्ट. ईएसएक्सआयवर प्रत्येक डिस्कच्या दोन फाइल असतात: काहीशे बाइटांची वर्णनाची फाइल आणि ‘फ्लॅट’ नावाची खरी डेटाची फाइल. वेब पानावर त्या एकच दिसतात, शेलमध्ये दोन. दोन्ही शेजारीशेजारी ठेवून क्यूएमयू-आयएमजीला वर्णनाची फाइल द्यायची. चुकून फक्त फ्लॅट मिळाली असेल तर ती रॉ म्हणून वाचता येते. ईएसएक्सआयवरून एससीपीने (नेटवर्कवरून फाइल कॉपी करणारी कमांड) ओढणं कंटाळवाणं असतं. गिगाबिट नेटवर्कवर ५०० जीबीला उत्तमात उत्तम सव्वा तास लागायला हवा, पण एससीपीला त्याच्या कितीतरी पट लागतो. शिवाय थिन डिस्क (वापरेल तेवढीच जागा घेणारी) वाटेत फुगून पूर्ण आकाराची होते.

खरं तर तुमच्याकडे प्रॉक्समॉक्स ८.२ किंवा पुढचं असेल तर हे हाताने करायची गरजच नाही. एप्रिल २०२४ च्या त्या आवृत्तीपासून ईएसएक्सआयला स्टोरेज म्हणून जोडता येतं आणि थेट तिथून इम्पोर्ट करता येतं. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतलं, कायमचे परवाने बंद केले, त्यानंतर जी पळापळ झाली तिला दिलेलं हे उत्तर म्हणा. ६.५ ते ८.० पर्यंतच्या ईएसएक्सआयवर ते तपासलेलं आहे, म्हणजे तुमचं ६.७ बसतं. त्यात ‘प्रिपेअर फॉर व्हर्टआयओ स्कझी’ अशी एक टिक आहे. ती डिस्क साटावर लावते आणि कंट्रोलर व्हर्टआयओ करून ठेवते, म्हणजे वर सांगितलेल्या खटपटीचा पहिला भाग आपोआप. ड्रायव्हर मात्र ते टाकत नाही. विंडोजच्या आत हात घालून ड्रायव्हर बसवणारं साधन हवं असेल तर रेड हॅटकडचं ‘व्हर्ट-व्ही२व्ही’ आहे. तीनच मशीनसाठी मी त्याच्या वाटेला जाणार नाही. तीस असती तर गेलो असतो. व्हीसॅनवरच्या (व्हीएमवेअरचं सामायिक स्टोरेज) डिस्क आणि व्हीएमवेअरने एन्क्रिप्ट केलेल्या डिस्क प्रॉक्समॉक्सच्या इम्पोर्टने येत नाहीत.

फर्मवेअरबद्दल दोन शब्द, कारण तुमची मशीन तो टप्पा ओलांडून गेलीत. व्हीएमएक्समध्ये फर्मवेअर ईएफआय लिहिलेलं असेल तर प्रॉक्समॉक्समध्ये ओव्हीएमएफ (यूईएफआय फर्मवेअर) आणि एक ईएफआय डिस्क. काहीच लिहिलेलं नसेल तर सीबायोस (जुन्या पद्धतीचं बायोस). उलट लावलंत तर काळी स्क्रीन किंवा यूईएफआय शेल. बरोबर लावूनही बूट होत नसेल तर जुन्या मशीनच्या एनव्हीरॅममधल्या (फर्मवेअरची स्मृती) बूटच्या नोंदी मागेच राहिल्यात. ओव्हीएमएफच्या मेन्यूतून ‘बूट फ्रॉम फाइल’ करून ईएफआय पार्टिशनमधली फाइल हाताने दाखवायची आणि नवी नोंद करून ठेवायची. हायपर-व्हीवरून आणताना पहिली पिढी म्हणजे बायोस, दुसरी म्हणजे यूईएफआय, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) असेल तर निघण्याआधी तो स्थगित करा आणि रिकव्हरी की कागदावर घ्या. आभासी टीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) तुमच्यासोबत येत नाही.

विंडोज उठल्यावर डी ड्राइव्ह दिसला नाही आणि एसक्यूएल सुरू होत नसेल तर हबकू नका. कंट्रोलर बदलला की विंडोज सर्व्हर डेटाच्या डिस्क ‘ऑफलाइन’ ठेवतो, त्याचं तसं धोरण असतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये उजवं क्लिक करून ऑनलाइन करा. पुन्हा तसं होऊ नये म्हणून डिस्कपार्टमध्ये ‘सॅन पॉलिसी’ ऑनलाइन-ऑल करून टाका.

घड्याळ बघा. बरोबर साडेपाच तास मागे दिसलं तर बॅटरी वगैरे शोधू नका. व्हीएमच्या ऑप्शन्समध्ये ओएसचा प्रकार लिनक्स किंवा ‘अदर’ राहिलाय. त्यामुळे प्रॉक्समॉक्स यूटीसी वेळ देतं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं. प्रकार विंडोज केला, पूर्ण बंद करून सुरू केलं, की जुळतं. डोमेन असेल तर हे हसण्यावारी नेऊ नका. केर्बेरॉसला (डोमेनमध्ये लॉगिन तपासणारी पद्धत) डीफॉल्टने ५ मिनिटांहून जास्त फरक खपत नाही, आणि लॉगिन धडाधड नाकारले जातात.

सीपीयूचा प्रकार तुम्ही काय ठेवलाय ते लिहिलेलं नाही. प्रॉक्समॉक्स ८ मध्ये नव्या व्हीएमला पानावरून मिळणारा प्रकार ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’. त्यात एव्हीएक्स (प्रोसेसरच्या काही जादा सूचना) नाही. मोंगोडीबी ५ सारखं एखादं सॉफ्टवेअर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरतं ते याच कारणाने. एकच सर्व्हर आहे तर ‘होस्ट’ करून बघा.

परवान्यांचं बघून ठेवा. काही सॉफ्टवेअर मदरबोर्डच्या यूयूआयडीला (ओळख क्रमांक) किंवा मॅकला बांधलेली असतात. व्हीएमएक्समधली बायोसची यूयूआयडी प्रॉक्समॉक्सच्या एसएमबायोस सेटिंगमध्ये टाकता येते. मशीनच्या आत वाचलेली यूयूआयडी आणि व्हीएमएक्समधली, यांत पहिल्या तीन गटांतले बाइट उलटसुलट दिसू शकतात, म्हणून हलवण्याआधी आतून वाचून टिपून ठेवा आणि नंतर आतूनच ताडून बघा. विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेशन तरीही पुन्हा मागितलं जाऊ शकतं.

तुमच्या तिघांत डोमेन कंट्रोलर (ऑफिसातली सगळी लॉगिन सांभाळणारा विंडोज सर्व्हर) नाही असं दिसतं. असता तर मी तो हलवायला सांगितलाच नसता. प्रॉक्समॉक्सवर नवा कंट्रोलर उभा करून भूमिका त्याच्याकडे द्यायच्या आणि जुना रीतसर उतरवायचा, हे कितीतरी शांतपणे होतं.

आता तुम्ही करायचं असं. उबंटू आधी, कारण पंधरा मिनिटांत होईल आणि हुरूप येईल. मग सेंटओएस रेस्क्यूमधून. विंडोजसाठी आता हातात असलेल्या प्रतीशी झुंजत बसू नका. ईएसएक्सआयवरचं मूळ मशीन सुरू करा, व्हीएमएक्स वाचून स्नॅपशॉटचा निकाल लावा, व्हीएमवेअर टूल्स काढा, आयपीचे आकडे आणि यूयूआयडी लिहून घ्या, नीट शटडाऊन करा आणि मग इम्पोर्ट करा. त्यानंतर जुन्या मशीनची नेटवर्क केबल, म्हणजे व्हीएमच्या सेटिंगमधलं ‘कनेक्टेड’, काढून ठेवा. दोन्ही एकदम चालू झाली तर एका आयपीची दोन मशीन होतात, आणि कोण कुठल्या डेटाबेसमध्ये बिल टाकतंय ते कळत नाही. जुना सर्व्हर मी तरी एक महिनाअखेर पार पडेपर्यंत आणि प्रॉक्समॉक्सवरच्या बॅकअपमधून एकदा मशीन परत उठवून बघेपर्यंत पुसू देत नाही.

सेंटओएस एवढं करूनही अडलं, तर ड्रॅकटच्या प्रॉम्प्टवर ‘बीएलकेआयडी’ (दिसणाऱ्या डिस्कची यादी देणारी कमांड) चालवून जे येईल त्याचा फोटो पाठवा. काहीच आलं नाही तर कंट्रोलरचं मॉड्यूल अजून आत नाही. डिस्क दिसत असेल पण एलव्हीएम दिसत नसेल तर गोष्ट वेगळी आहे. सोबत तिन्ही व्हीएमएक्स फाइलमधल्या स्कझीच्या, फर्मवेअरच्या आणि ईथरनेटच्या ओळी द्या. विंडोजच्या फोल्डरमध्ये आकडेवाल्या फाइल आहेत की नाहीत, ते मात्र त्याआधीच कळवा.